थांबा, कांदा जळेल

उजव्या हातात झारा, डाव्या हाताचं एक बोट वर आणि पाठ आपल्याकडे. काकांची आठवण आली की आधी ती पाठच डोळ्यांपुढे येते. पुढ्यात कढई, कढईत अर्धा किलो कांदा. तुम्ही काहीही विचारा, बोट वर जायचं.

"थांबा, कांदा जळेल."

मग थांबायचं. पंतप्रधान आले असते तरी त्यांनाही थांबावं लागलं असतं. कांदा सोनेरी झाला की गप्पा, तपकिरी होऊ लागला की शांतता, आणि काढण्याची वेळ झाली की घरातल्या माणसांनी श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. कारण काकांच्या मते कांदा तेलातून काढल्यावरही पुढे शिजत राहतो. "तुम्हाला आवडला त्या रंगाला काढलात तर गेलाच तो. आवडायच्या जरा आधी काढायचा."

हे सगळं कशासाठी, तर कोशरीसाठी. कोशरी हा इजिप्तमधला पदार्थ. तांदूळ आणि अख्खा मसूर एकत्र शिजवलेला, त्यावर मॅकरोनी, त्यावर काबुली चणे, त्यावर टोमॅटोचा आंबट रस्सा, लसूण-जिरं-व्हिनेगरचं पाणी, आणि सगळ्यात वर तो कांदा. तुमच्या मनात आत्ता एक शब्द आला असेल. तो उच्चारू नका. काकांच्या घरात त्या शब्दाला बंदी होती.

आम्ही २००४ साली सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. काका नवव्या मजल्यावर एकटे राहायचे. दर शनिवारी कांद्याचा वास दोन मजले उतरून आमच्याकडे यायचा. त्यांच्या शेजारची चिनी आंटी बांबूवर वाळत घातलेले कपडे भराभरा आत ओढत ओरडायची, "अंकल! अगेन आह? माय शर्ट ऑल स्मेल अनियन लाह!" काका खिडकीतून झारा हलवून तिला नमस्कार करायचे. दुपारी तिच्या दाराला एक झाकलेला डबा अडकवलेला असायचा. सोमवारी तो धुऊन परत यायचा. तक्रारही चालू, डबाही चालू.

काकांची आणि माझी पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. माझ्या हातात पोरगी, नवऱ्याच्या हातात पिशव्या.

"मराठी का?" काकांनी विचारलं.

"हो. कराडकडचे."

"मसूर खाता?"

याहून वाईट प्रश्न मला सिंगापुरात कोणी विचारला नव्हता. आमच्या घरी मसूर आठवड्यातून पाच दिवस असायचा. वडील बाजार समितीत हमाल. सात माणसांना पुरायचं तर मसूरच. मी बीकॉम झाले ती त्या मसुरातून सुटावं म्हणून. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. पहिला पगार झाला त्या दिवशी मी आईला सांगून टाकलं, आता या घरात मसूर शिजणार नाही. आईने ऐकलं नाही, पण मी सांगितलं होतं. आणि आता समुद्र ओलांडून, पदवीचा दाखला काचेत मढवून हॉलमध्ये लावलाय, तर लिफ्टमध्ये एक माणूस विचारतोय, मसूर खाता?

मी त्यांना तिथल्या तिथे सगळं ऐकवलं. हमाल, मसूर, बीकॉम. मला लपवाछपवी जमत नाही. सातवा मजला आला तरी मी बोलतच होते आणि नवरा लिफ्टचं दार हाताने धरून उभा होता.

काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग शनिवारी या, बीकॉम. मसूर चुकीचा खाल्लाय तुम्ही आजवर."

त्या दिवसापासून माझं नाव बीकॉम पडलं.

शनिवारी गेलो. साडेबाराचं जेवण अडीचला मिळालं. नवऱ्याने भुकेच्या भरात सगळे थर एकत्र कालवले, मोठा घास घेतला आणि मनापासून म्हणाला, "वा काका! खिचडी झकास! पापड आहे का?"

काका उठले. नवऱ्यापुढची ताटली उचलून ओट्यावर ठेवली आणि त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"जावईबापू, हिला काय म्हणतात?"

"को... कोशरी."

"पुन्हा?"

"कोशरी."

ताटली परत आली. पापड मात्र कधीच आला नाही. आणि मला खोटं बोलता येत नाही म्हणून सांगते, मी तीनदा वाढून घेतली. मसूर खरंच चुकीचा खाल्ला होता मी.

काकांची दुसरी सवय म्हणजे कैरो. तिथे ते नऊ वर्षं होते. पुढे सगळं जग त्यांनी कैरोच्या मापाने मोजलं. एमआरटीची ट्रेन वेळेवर आली तर, "कैरोत अशी मजा नाही येत." हॉकर सेंटरमध्ये खाण्याच्या गाळ्यांपुढे रांग लागली तर, "ही रांग? कैरोत याला मोकळी जागा म्हणतात." आमच्या मराठी मंडळातली निम्मी माणसं प्रत्येक गोष्ट अमेरिकेच्या मापाने मोजायची, तिथे कोणी हसायचं नाही. काका कैरो म्हणाले की मात्र सगळे एकमेकांकडे बघायचे.

आता मंडळाबद्दल सांगायला हवं. तुमच्याही गावात असं एखादं मंडळ असेल. आमच्या मंडळात बँकवाले, अकाउंटवाले आणि कॉम्प्युटरवाले असे तीन वर्ण होते. दरवर्षी मंडळाची डिरेक्टरी निघायची. त्यात नाव, पत्ता, रक्तगट आणि शिक्षण. रक्तगट चुकला तरी चालायचं, पण शिक्षणाच्या रकान्यात कॉलेजचं नाव चुकलं तर लोक सेक्रेटरींना फोन करायचे. ओळख झाल्यावर दुसरा प्रश्न हमखास "कुठलं कॉलेज?" हाच. एकदा कॉलेज कळलं की या माणसाशी किती वेळ बोलायचं ते ठरायचं. मी आपलं कराडच्या कॉलेजचं नाव खणखणीत सांगायची. समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणून समोसे कुठे आहेत ते बघायला जायचा. मी मागून दुसऱ्यांदा सांगायची.

काकांचा रकाना कोरा असायचा. कार्डावर ‘मॅनेजर, गोदाम’ असं छापलेलं, आणि डिरेक्टरीत शिक्षणापुढे नुसती एक रेघ. सेक्रेटरींना ती रेघ खुपायची. सेक्रेटरी म्हणजे एका बँकेतले मोठे साहेब, महागड्या कॉन्डोमध्ये राहणारे, शब्द मोजून बोलणारे. ते दर वर्षी विचारायचे, "काका, एवढं कॉलेजचं राहिलंय बघा. पान बरं दिसत नाही." आणि दर वर्षी काका कढईपुढून बोट वर करायचे.

"थांबा, कांदा जळेल."

खरं सांगते, सगळ्यात जास्त वेळा हा प्रश्न मीच विचारला असेन. मला वाटायचं, माणसाने शिकलेलं मिरवावं. लपवायचं काय त्यात?

काका तांदळाचं दहा किलोचं पोतं लिफ्टपासून घरापर्यंत मानेमागे टाकून न्यायचे. आधी गुडघ्यात वाकायचं, मग कमरेतून एक हलकी गिरकी, की पोतं आपोआप खांद्यावर. पन्नाशी ओलांडलेला माणूस. मी म्हणायची, "काका, ट्रॉली आहे ना खाली." ते म्हणायचे, "ट्रॉलीत तांदूळ दुखावतो." मी हसायची. ती गिरकी मी लहानपणापासून रोज बघत आले होते. पण कुठे, ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

हळूहळू मंडळात कुजबुज सुरू झाली. या माणसाकडे कैरोतला एकही फोटो नाही. पिरॅमिडसमोर उभं राहून काढलेलासुद्धा नाही. नऊ वर्षं कैरोत राहून पिरॅमिडसमोर फोटो न काढणारा मराठी माणूस असू शकतो का? सेक्रेटरींच्या मते, नाही. "रेसिपी काय, इंटरनेटवर मिळते," असं ते गणपतीच्या आरतीनंतर हळूच म्हणाले. हळूच म्हणजे बारा जणांना ऐकू जाईल इतकं हळू.

मग २००८ साली त्यांच्या बँकेत एक खराखुरा इजिप्शियन माणूस बदली होऊन आला. हानी त्याचं नाव. सेक्रेटरींना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः फोन करून काकांना सांगितलं, "काका, रविवारी तुमच्या देशाचा माणूस घेऊन येतो. होऊन जाऊ दे कोशरी."

काकांनी आधी किती माणसं ते विचारलं म्हणे. मग म्हणाले, "आणा."

शनिवारी ते माझ्याकडे आले. खुर्चीत बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"बीकॉम, उद्या सकाळी जरा येशील? कांदा चिरायला."

चार वर्षांत त्यांनी कांद्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. मी समजले, हे प्रकरण त्यांनी मनाला लावून घेतलंय. उद्या त्या पाहुण्याने मान हलवली तर काकांची नऊ वर्षं मंडळाच्या हिशेबी खरी. नाहीतर मग या माणसापाशी कॉलेजही नाही आणि कैरोही नाही.

रविवारी सात वाजता मी वर गेले तेव्हा काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यावर टॉवेल बांधला होता. दोन तास नुसतं कांद्याचं काम. मी चिरत होते, ते मीठ लावून पिळत होते. डोळ्यांतून दोघांच्याही पाणी, आणि त्याला कांद्याचं कारण तयारच होतं.

बाराला मंडळी आली. सेक्रेटरी, त्यांच्या सौभाग्यवती, कार्यकारिणीतले आणखी तिघं, माझा नवरा पोरीला घेऊन, आणि हानी. हसरा, गुबगुबीत माणूस. येताना चॉकलेटचा डबा घेऊन आला होता. आपण परीक्षक म्हणून आलोय हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं.

काकांनी थर रचले. कांदा वरून पेरला. हानीने पहिला चमचा उचलला तेव्हा आठ माणसं त्या चमच्याकडे बघत होती.

"व्हेरी नाइस," हानी म्हणाला.

"नाइस म्हणजे कसं?" काकांनी विचारलं.

"छान आहे हो. फक्त, माझी आई करते ती अशी नसते." हानी इंग्रजीत, अगदी अदबीने म्हणाला. "तिची पिवळी असते. डाळ पार विरघळलेली. मॅकरोनी नसते त्यात."

सेक्रेटरींनी आपल्या सौभाग्यवतींकडे पाहिलं. कार्यकारिणीने सेक्रेटरींकडे पाहिलं.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या पोरीने आपला डबा टेबलावर आपटला. तिला काकांचा तिखट रस्सा झेपायचा नाही म्हणून मी घरून तिच्यासाठी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणली होती. हानीने डब्यात डोकावून पाहिलं आणि ओरडला, "हीच! हीच ती! हे काय आहे?"

मी काकांकडे न बघता म्हणाले, "खिचडी."

त्याने एक चमचा मागून घेतला. डोळे मिटले. "जिरं थोडं जास्त हवं," तो म्हणाला, "पण ही माझ्या आईची कोशरी."

चार वर्षं ज्या शब्दाला त्या घरात दार बंद होतं, तो टेबलावर येऊन बसला आणि वर पाहुण्याने त्याची पाठ थोपटली. सेक्रेटरी बोनस मिळाल्यासारखे दिसत होते. माझी पोर मात्र आपला डबा परक्याने खाल्ला म्हणून रडायला लागली होती.

काका हातात डाव घेऊन उभे होते. चेहरा पडलेला. मग एकदम त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठले?"

"अलेक्झांड्रिया."

"हां!"

ते ‘हां’ मी विसरणार नाही. मिसळ कशी असावी हे पुणेकराने सांगावं आणि कोल्हापूरकराने ‘हां’ म्हणावं, तसं होतं ते. काकांची मान ताठ झाली. डाव वर गेला. आणि त्यांच्या तोंडून अरबी सुटली.

सुटली म्हणजे धरणाचं दार उघडावं तशी. "ला, ला, ला!" हे ‘नाही, नाही’ असणार एवढं मला कळलं, पुढचं काही नाही. हानीचं तोंड आधी उघडंच राहिलं. मग तोही उठला. अर्धा तास दोघं भांडले. हानी डब्याकडे बोट दाखवायचा, काका कढईकडे. हानी आपल्या आईची शपथ घेत असावा, काका बहुतेक अख्ख्या कैरोची. एकदा हानी हसून हसून खुर्चीत कोसळला आणि डोळे पुसत पुन्हा उभा राहिला. शेवटी त्याने काकांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि बसून ताटलीतली कोशरी कांद्यासकट संपवली. वर आणखी मागून घेतली.

"काय म्हणतायत?" सेक्रेटरी ज्याला त्याला विचारत होते. ज्यांनी परीक्षा ठेवली त्यांनाच उत्तर कळत नव्हतं.

हानी सेक्रेटरींकडे वळून म्हणाला, "हा माणूस तुम्ही कुठून आणलात? कैरोच्या बाजारातल्या माणसांसारखं बोलतो. अगदी तिथल्या..." तेवढ्यात त्याने काकांकडे पाहिलं. पुढचा शब्द त्याने घोटभर पाण्याबरोबर गिळला. "अगदी तिथल्यासारखं," तो म्हणाला.

"बाजारातलं म्हणजे?" सेक्रेटरी पुढे सरकले. "कमोडिटी ट्रेडिंग?" बाजार म्हटल्यावर बँकवाल्याला दुसरं काय सुचणार! "अहो काका, मग हे कधी बोलला नाहीत! कॉलेजही तिकडचंच असणार. कुठलं?"

सगळे काकांकडे बघू लागले. बोट वर गेलं.

"थांबा, कांदा जळेल."

ते स्वयंपाकघरात गेले. जेवण झालं होतं. गॅस बंद होता. कढई केव्हाच सिंकमध्ये पडली होती. हे दारात उभ्या असलेल्या मला दिसलं. काका बंद शेगडीपुढे झारा धरून उभे होते.

मंडळी गेल्यावर मी भांडी घासायला थांबले. तोंडाशी आलेलं मागे ठेवणं मला जमत नाही.

"काका, गॅस तर बंद होता."

"बीकॉम, तू फार बघतेस."

मग पुसायचं फडकं खांद्यावर टाकून ते बोलले. मिरजेत सातवीतून शाळा सुटली. एका कंपनीचं यंत्रं बसवायचं काम कैरोत निघालं, तिथे हेल्पर म्हणून गेले. काम संपलं, कंपनी परतली, हे तिथेच राहिले. धान्याच्या बाजारात. "पाठीवर पोती," ते म्हणाले. "तांदळाची, मसुराची. गच्चीवरच्या खोलीत आम्ही सहा जण. कोशरी रोज, कारण तेवढीच परवडायची. पुढे इकडे गोदामात लागलो, वर चढत गेलो. फोटो कोण काढणार? पिरॅमिड बघितला मी. ट्रकवरून. पोत्यांवर बसून."

ती कमरेतली गिरकी माझ्या डोळ्यांपुढे आली. माझ्या वडिलांची गिरकी.

"पण यात लपवण्यासारखं काय आहे?" मी म्हणाले. "माझे वडील हमाल होते. मी सगळ्यांना सांगते."

"ठाऊक आहे. लिफ्टमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलंस. सातव्या मजल्यापर्यंत." ते हसले. मग म्हणाले, "हमाल म्हटलंस की तुला पुढे बीकॉम जोडता येतं. माझ्यापाशी जोडायला काही नाही."

माझ्या हातातली ताटली मी नुसतीच घासत राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. त्या घरात चार वर्षं ‘कुठलं कॉलेज’ विचारणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

त्यानंतर मी तो प्रश्न कधी विचारला नाही. शनिवारी मात्र नेमाने जात राहिले. हळूहळू कांदा माझ्याकडे आला. काका मागे खुर्चीत बसून म्हणायचे, "आता काढ. आता! गेला. कैरोत तुला नोकरी मिळाली नसती."

हानीही महिन्यातून एकदा यायचा, मुद्दाम भांडायला. सेक्रेटरींनी डिरेक्टरीत काकांच्या रेघेच्या जागी ‘कमोडिटीज, कैरो’ असं छापलं आणि समाधान पावले. मंडळात काकांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळू लागली. ते तिथे बसायचे नाहीत. स्वयंपाकाच्या बाजूला उभे राहून आचाऱ्याला कांदा शिकवायचे.

पुढे गोदाम दुसऱ्या देशात हललं आणि काका मिरजेला परतले. जाताना मला झारा दिला. "ट्रॉलीत नको टाकूस," एवढंच म्हणाले. आम्ही तोवर पुंगोलच्या नव्या वस्तीत फ्लॅट घेतला होता. इथले शेजारी सगळे तरुण, पोराबाळांचे. शनिवारी माझ्या खिडकीतून वास गेला की वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन बंद होते. दुपारी मी तिच्याकडे डबा पाठवते.

गेल्या वर्षी मिरजेहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला. काका झोपेतच गेले. मी हानीला कळवलं. तो म्हणाला, "त्यांची कोशरीच बरोबर होती. आईला सांगू नका."

आठवड्याने सेक्रेटरींचा फोन. मंडळाच्या स्मरणिकेत काकांवर अर्धं पान देणार होते. फोटो मिळाला होता, मजकूर तयार होता.

"फक्त फोटोखाली एक ओळ हवी, वहिनी. शिक्षण. आपल्याकडे पद्धत आहे ना तशी. तुम्ही जवळच्या होता त्यांच्या. कुठलं कॉलेज हो त्यांचं?"

मी सरळ बोलणारी बाई. सातवी, मिरज, असं सांगून टाकलं असतं तर एका दमात झालं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ते त्यांचं होतं, आणि त्यांनी मला भांडी घासताना दिलं होतं, अर्ध्या पानासाठी नव्हे.

फोन डाव्या हातात होता, म्हणून उजव्या हाताचं बोट वर गेलं.

"थांबा," मी म्हणाले, "कांदा जळेल."

सेक्रेटरी थांबले. मी शेगडीपुढे जाऊन उभी राहिले. शेगडीवर काहीच नव्हतं.